टीवायनंतर थांबायचं, की चौथं वर्ष संशोधनाचं करायचं?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

थोरली मुलगी टीवाय बीएस्सीला आहे. केमिस्ट्री मेजर, सांगली भागातलं स्वायत्त कॉलेज. २०२३ ला एफवायला गेली, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची पहिलीच बॅच. सहावं सेमिस्टर संपत आलंय. आता कॉलेज विचारतंय, तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडणार की चौथ्या वर्षाला राहणार? चौथ्यातही दोन फाटे. साधं ऑनर्स, नाहीतर ‘ऑनर्स विथ रिसर्च’. दुसऱ्याला पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के लागतात. तिला ७८ आहेत, म्हणजे बसते.

घरात तीन पक्ष पडलेत. बायको म्हणते सरळ एमएस्सी, मग बीएड, नोकरीचं बघू. थोरले बंधू म्हणतात, ‘चार वर्षं बीएस्सी? नापास झाली का पोरगी?’ आणि पोरगी म्हणते संशोधन.

तिच्या हट्टाला कारण आहे. गेल्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट होता. हिने आमच्याच गावच्या अकरा विहिरी-बोअरचं पाणी तपासलं, कठीणपणा किती ते. दहा ठिकाणी लिटरमागे ३५० ते ५०० मिलिग्रॅमच्या दरम्यान आलं. सात नंबरच्या विहिरीला ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) पूर्ण संपली तरी रंग लालच. दुसऱ्यांदा भरली तेव्हा कुठे निळा झाला. हिशेब केला तर ११४०. कॉलेजातल्या एका शिक्षकांनी सांगितलं, ‘तो आकडा चुकलाय, वगळ, दहाच विहिरी लिही.’ हिने वगळला, मार्क चांगले पडले, पण तेव्हापासून हिच्या डोक्यातून ती विहीर जात नाही.

तर प्रश्न असा: हे चौथं वर्ष खरंच संशोधनाचं असतं, की नावाला? अनुभवी लोकांनी सांगावं.

उकडीचा मोदक

बंधूंचा प्रश्न फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

फळमाशी

मी एका आयसरमधून (केंद्र सरकारची विज्ञान संस्था) बीएस-एमएस केलं. तिथे पाच वर्षं, पाचवं पूर्ण वर्ष थीसिसचं. त्यामुळे तुमच्या चौथ्या वर्षाशी थोडीफार तुलना होईल.

माझा विषय ड्रोसोफिला, म्हणजे आपल्या केळ्यांवर घोंघावतात त्या बारक्या माश्या. आई फोनवर म्हणायची, ‘इथे आम्ही केळी झाकून ठेवतो आणि तू तिथे पाळतेस?’ सकाळी उठून बाटल्यांमधल्या माश्या बेशुद्ध करायच्या, भिंगाखाली नर-मादी वेगळ्या करायच्या, ब्रशने. मादी कोशातून बाहेर आल्यापासून आठेक तासांत वेगळी केली नाही तर ती कोणाशी तरी लग्न लावून मोकळी, मग तुमचा क्रॉस (ठरवलेला संकर) बोंबलला. माझे पहिले तीन महिने त्यातच गेले.

शेवटी आमची जी मूळ कल्पना होती ती चुकीची निघाली. काहीच फरक दिसला नाही. गाइड म्हणाले, ‘फरक नाही हेच लिही, पण आधी खात्री कर.’ ती खात्री करायला आणखी चार महिने. साठ पानांचा थीसिस, ज्याचं सार ‘असं काही होत नाही’. पण डेमॉन्स्ट्रेशन आणि संशोधन यातला फरक मला त्या चार महिन्यांत कळला. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधी माहीत असतं, तुम्ही फक्त तिथे पोहोचता.

तुमच्या मुलीला सात नंबरची विहीर छळतेय ना? माझ्या मते निम्मं काम झालंय. काका, तिला राहू द्या.

रोखठोक

फळमाशी, तुमची संस्था आणि तालुक्याचं कॉलेज यांची तुलना कशी होईल? तिथे उपकरणं, फेलोशिप, सगळं. इकडे यूव्ही मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. मशीन फक्त नॅकची (कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था) समिती आली की चालू.

गणित साधं आहे. तीन अधिक दोन पाच. चार अधिक एक पाच. एमएस्सी दोन्हीकडून पाचव्याच वर्षी होणार. पण तीन अधिक दोनचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. एक वर्षाचं एमएस्सी कुठे, किती जागांचं, काय फी, हे आधी विचारा. पहिली बॅच म्हणजे गिनीपिग. मी असतो तर पोरीला एमएस्सीला घातलं असतं.

तासिका तत्त्वावर

मी स्वतः शिकवतो (नाव वाचून कळलं असेल कसा). आतून सांगतो.

कागदावर योजना वाईट नाही. १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, त्याआधी रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर. ज्यांना प्रकल्प नको त्यांना त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे थिअरीचे पेपर. विभागात पीएचडी झालेले कायम शिक्षक हवेत, ग्रंथालय हवं, प्रयोगशाळा हवी. पीएचडीचे २०२२ चे नियम बघाल तर चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असणारा थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होतो. २०२४ पासून चौथ्या वर्षाच्या शेवटच्या सेमिस्टरची मुलं नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षाही देऊ शकतात.

आता कागदाबाहेर. कायम जागा रिकाम्या. आमच्या विभागात कायम माणूस एक, बाकी आम्ही तासावर. मी आठ मुलांना ‘मार्गदर्शन’ केलंय एका वर्षात, आणि त्याचे तास कुठल्याही बिलात धरले गेले नाहीत. आठातल्या पाच प्रकल्पांत मी नुसतं समास आणि अनुक्रमणिका तपासली. खोटं कशाला बोलू? दोन बरे झाले. एक उत्तम झाला, आणि त्याचं श्रेय त्या मुलाच्या चिकाटीला.

म्हणून ओढ्याकाठचे दादा, कॉलेज कसं आहे हे विचारण्याआधी एक माणूस शोधा. विभागात असं कोण आहे, जो शनिवारी दुपारी लॅब उघडून देईल? तो सापडला तर राहा. नसेल तर रोखठोक म्हणतात ते करा.

पन्नाशीचा इंजिनिअर

+१ तासिका यांना.

आमचा बीईचा प्रोजेक्ट आठवला. चौघांत मिळून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीतून विकत आणला होता, काळ्या रेषेवरून चालणारी गाडी. रिपोर्ट, सर्किट, पीपीटी सगळं पॅकेजमध्ये, बायंडिंग वेगळं. तोंडी परीक्षेला आम्ही पांढऱ्या कागदावर काळी पट्टी चिकटवून तयार. गाडी निघाली, पट्टीवरून झकास गेली, पट्टी संपली तशी फरशीची काळी बॉर्डर तिला आवडली आणि ती विभागप्रमुखांच्या कपाटाखाली गेली. एक्स्टर्नल म्हणाले, ‘आता बाहेर कशी काढणार?’ चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. वाकून झाडूने काढली.

‘अ’ श्रेणी मिळाली.

उकडीचा मोदक

कपाटाखाली 😂😂 संशोधनाची दिशा योग्यच होती, निधी तिथेच असतो.

रापणकार

सगळे लॅब लॅब करताहेत. आम्ही आर्ट्सवाले काय गोट्या खेळतो?

माझी भाची बीए मराठी. तिला गाइडनी ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्री’ असा विषय दिला होता. ह्या विषयावर किती प्रबंध झाले असतील देव जाणे. तिनं विचारलं, मी माझ्या आजीचे शब्द गोळा करू का? आमचं घर मालवणजवळ, आजोबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जायचे. गाइड आधी हसले, मग हो म्हणाले. पोरगी दोन महिने आजीजवळ बसली मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून. आजी म्हणे, ‘गो, ह्या काय लिवतंस? ह्या सगळ्यांका ठावक असा.’ नाय ना ठावक! शहरातल्या माणसाला भरती-ओहोटी दोनच शब्द. इथे उधाण वेगळं, भांग वेगळा, सुकती वेगळी. जाळ्याच्या प्रत्येक भागाला नाव, दोर धरून ओढणाऱ्यांच्या जागांना नाव. शेवटी तीनशेच्या वर शब्द झाले, प्रत्येकापुढे कोणी सांगितला, वय किती, कुठल्या वाडीतला.

लॅबचा खर्च शून्य. खर्च झाला तो चहाचा.

फळमाशी

रापणकार, हे वाचून जळजळ झाली. माझ्या थीसिसपेक्षा कितीतरी जास्त लोक तो वाचतील.

जुना मास्तर

चर्चा चांगली चालली आहे. वयाने मी इथे सर्वात मोठा असेन, म्हणून जरा इतिहास.

पदवीच्या वयात संशोधन ही काही अमेरिकेतून आणलेली नवलाई नव्हे. १९२८ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सॉमरफेल्ड मद्रासला आले होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात बीए ऑनर्स करणारा एक मुलगा त्यांना भेटायला गेला. मुलाला वाटत होतं आपल्याला अणूविषयी बरंच कळलंय. सॉमरफेल्डनी सांगितलं, तू वाचलेलं सगळं आता बदललंय, आणि नव्या सांख्यिकीवरच्या आपल्या लेखाची मुद्रितं त्याला वाचायला दिली. मुलाने ती वाचून काही महिन्यांत स्वतःचा निबंध लिहिला आणि केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांच्याकडे पाठवला. १९२९ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आला. मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, पुढे नोबेल मिळालेले. पदवी व्हायची होती तेव्हा.

सर्वांनी चंद्रशेखर व्हावं असं मी म्हणत नाही. पण त्या गोष्टीत उपकरण एकही नाही. एक भेट आहे आणि वाचायला मिळालेले ताजे कागद आहेत. आपल्या मुलांना यातलं नेमकं काय मिळत नाही, ते बघा.

मिसूरीची मावशी

मास्तर, नमस्कार. ‘अमेरिकेतून आणलेली’ म्हणालात म्हणून लिहिते 🙂

माझा मुलगा इथल्या राज्य विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात होता. इथे ऑनर्स म्हणजे वेगळं वर्ष नव्हे. पदवीची चार वर्षं सगळ्यांनाच, ऑनर्सवाल्यांना त्यातच काही जादा सेमिनार आणि शेवटी थीसिस. प्रिन्सटनसारख्या ठिकाणी तर शेवटच्या वर्षी थीसिस जवळपास सगळ्यांनाच लिहावा लागतो. वेंडी कॉप नावाच्या मुलीने १९८९ मध्ये तिथल्या थीसिसमध्ये शिक्षकांची राष्ट्रीय फौज उभारायची कल्पना मांडली आणि मग खरोखर ‘टीच फॉर अमेरिका’ ही संस्था काढली.

मुलाचा विषय होता नदीकाठच्या गावांमधला पूरविमा. एक गाइड, एक दुसरा वाचक. लोकांना प्रश्न विचारायचे म्हणून आधी नीतिसमितीची परवानगी. तो फॉर्म भरताना मुलगा रडायच्या बेताला आला. ‘तुमच्या प्रश्नांमुळे उत्तर देणाऱ्याला त्रास होऊ शकतो का?’ हा म्हणे, ‘आई, मी विम्याचं विचारतोय!’ मग पहिल्याच मुलाखतीत एक आजी पुरात गेलेल्या घराचं सांगता सांगता रडायला लागल्या. संध्याकाळी घरी आला आणि गुपचूप फॉर्म नीट भरला.

सगळं गोड नाही हं. उन्हाळी संशोधनासाठी इथे सरकारी पैशावर चालणाऱ्या आरईयू नावाच्या जागा असतात, त्या नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच. ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी, एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), लहानपणापासून इथेच शिकलेली. सगळ्या मैत्रिणींनी अर्ज भरले आणि ही बघत बसली.

रोखठोक

मावशी, अनुभव छान. पण नीतिसमिती, दुसरा वाचक, हे ऐकून आमच्याकडचे प्राचार्य कपाटाखाली जातील. (इंजिनिअर साहेब, झाडू तयार ठेवा.)

आणि रापणकार, तीनशे शब्द गोळा केले त्याला शब्दसंग्रह म्हणतात. त्यात संशोधन काय? प्रश्न कुठला, उत्तर कुठलं?

रापणकार

प्रश्न होता ना. यांत्रिक बोटी आल्यावर कुठले शब्द गेले आणि कुठले राहिले? साठीच्या पुढचे आणि तिशीच्या आतले अशा दोन गटांना तेच शब्द विचारले. जाळ्याच्या भागांचे शब्द तरुणांना येत नाहीत, वाऱ्याचे आणि पाण्याचे येतात. का, ते तुम्हीच सांगा.

रोखठोक

बरं. हे आधी सांगायचं होतं. मागे घेतो.

बसाल्ट

उशिरा आलो, क्षमस्व. भूजलात पंचवीस वर्षं काढलीत म्हणून मला या धाग्यात एकच गोष्ट दिसली आणि तिच्यावर कोणीच बोलेना.

सात नंबरची विहीर! ओढ्याकाठचे दादा, मुलीला हे विचारा:

ती विहीर उघडी आहे की बोअर? किती फूट? वापरात आहे की पडून? नमुना कसा घेतला, दोर सोडून वरून, की मोटरच्या पाइपातून? मोटर चालू केल्यावर लगेच की थोड्या वेळाने?

कारण असं. साचलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. पाइपात, केसिंगमध्ये (बोअरच्या आतल्या नळीत) दिवसेंदिवस उभं राहिलेलं पाणी पहिल्यांदा बाहेर येतं. मोटर निदान दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायची, मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची. हे केलं नसेल तर ११४० हा आकडा चुकीचा असू शकतो. केलं असेल तर तो आकडा मुळीच वगळायचा नव्हता.

आणि ब्युरेट संपली म्हणजे काय, तर नमुना ५० मिली घेतला होता आणि ईडीटीए (ब्युरेटमधलं द्रावण) ०.०१ मोलर. एक मिलीला २० धरा, ११४० म्हणजे ५७ मिली. ब्युरेट ५० चीच. अशा वेळी नमुना २५ मिली घ्यायचा, डिस्टिल्ड पाणी घालून ५० करायचा, आणि उत्तर दुपटीने धरायचं. बफर घालून सामू (पीएच) १० आहे ना ते बघायचं, नाहीतर एरिओक्रोम या सूचकाचा रंग वाइनसारख्या लालवरून निळ्यावर नीट उतरत नाही, मध्येच जांभळट घुटमळत राहतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ११४० फार झाला.

द्राक्षबागांचा भाग आहे का तुमचा? असेल तर नायट्रेटही बघा. त्याची मर्यादा ४५, आणि तिथे चालवून घेण्याची सवलत नाही. नमुना बर्फात ठेवून दोन दिवसांच्या आत तपासा. कव्हरखालचं यूव्ही मशीन इथे कामाला येतं, २२० नॅनोमीटरला.

तासिका तत्त्वावर

बसाल्ट सर, दंडवत. हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

चहाबाज

बाकी कोणाला वाटतंय का, पाण्यावर बोलता बोलता धागा पाण्यात चाललाय? मूळ प्रश्न चौथ्या वर्षाचा होता.

माझे दोन पैसे: हल्ली प्रकल्प लिहायला चॅटजीपीटी आहेच. आमच्याकडे एकाने पन्नास पानं दोन रात्रींत पाडली. संदर्भयादी इतकी देखणी की गाइडनी खूश होऊन त्यातला एक लेख मागितला. तो लेख अस्तित्वातच नव्हता. मासिक खरं, लेखक खरे, लेख नाही. मग सगळी यादी तपासली, बावीसपैकी नऊ असेच. मुलगा म्हणतो, ‘सर, पण प्लेजरिझम चारच टक्के आलं!’

तासिका तत्त्वावर

बरोबरच आहे त्याचं. जे कोणी लिहिलंच नाही ते कुठे जुळणार? २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यामुळे मुलांना वाटतं दहाच्या आत आलं की काम प्रामाणिक. मी आता मुलांना वही मागतो. हाताने लिहिलेली, तारीख घातलेली, चहाचे डाग असले तरी चालेल. ज्याच्याकडे वही आहे त्याचा प्रकल्प मी न वाचता पास करायला तयार आहे.

मंडळ व्यवस्थापक

‘न वाचता पास’ असं जाहीर लिहू नका, तुमचे विद्यार्थी इथे असतील. 🙂 धागा मूळ विषयावर ठेवावा.

नुकतीच सुटलेली

अजून कोणी सांगितलं नाही म्हणून. चौथं वर्ष करा न करा, उन्हाळ्याच्या जागा बघाच. तीन विज्ञान अकादमींची मिळून एक उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने, देशातल्या कुठल्यातरी संस्थेत गाइडसोबत. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नियस नावाचा कार्यक्रम आहे, पण तो अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्यांसाठी, मला कळलं तेव्हा वेळ गेली होती. आणि आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार स्पर्धा, तिथे पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी परीक्षकाला तीन मिनिटांत सांगायची सवय होते.

मी साध्या कॉलेजातून दोन महिने बाहेर गेले होते. कामापेक्षा मला आठवतं ते हे, की तिथल्या मॅडमना मी काही विचारलं आणि त्या म्हणाल्या, ‘मला नाही माहीत, बघूया.’ तोपर्यंत कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

जुना मास्तर

हे वाक्य मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा बोललो, ते आठवतो आहे. फारसं आठवत नाही.

पन्नाशीचा इंजिनिअर

लेख वाचायला मिळण्याबद्दल मास्तर वर म्हणाले, त्यावर. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलंय, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. अनेकदा असतं आणि कोणालाच माहीत नसतं. नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसा. आणि शोधगंगेवर देशभरचे पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, मराठीतलेसुद्धा. रचना कशी असते ते बघायला चांगले. उचलायला नव्हे.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. बसाल्ट सर, तुमचा प्रतिसाद मुलीला दाखवला. तिने तो तीनदा वाचला आणि गप्प झाली. मग म्हणाली, ‘बाबा, दोर सोडून वरून घेतलं होतं.’

विहीर उघडी, साठेक फूट. गेल्या वर्षी नमुना घेतला तेव्हा दुपार होती आणि लाइट नव्हती, म्हणून बादलीने शेंदलं. आता परत घ्यायचं म्हणतेय. अडचण एकच. आमच्याकडे या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्री साडेबाराला येते.

उकडीचा मोदक

संशोधन रात्रीच होतं काका. माश्यांवाल्यांना विचारा.

रोखठोक

मग? गेलात का? धागा वर आणतोय.

ओढ्याकाठचा

गेलो. मी, मुलगी आणि बंधू (तेच, ‘नापास झाली का’वाले. विहीर त्यांच्या सासऱ्यांच्या वाटणीतली, त्यामुळे त्यांना यावंच लागलं). साडेबाराची लाइट पाऊण वाजता आली. मोटर चालू केली. पोरगी मोबाइलवर पंधरा मिनिटं लावून बांधावर बसली. बंधू म्हणाले, ‘आता भर की, पाणी वाया चाललंय.’ ती म्हणाली, ‘काका, ऊस पितोय, वाया कुठे?’ मी बॅटरी धरून उभा. पंधरा झाली तशी बाटली तीनदा विसळली, काठोकाठ भरली, वर चिठ्ठी चिकटवली: तारीख, वेळ, विहीर ७, मोटर १५ मि. मग थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ दूध डेअरीतला.

सकाळी कॉलेजात शिपायांनी नऊला लॅब उघडून दिली. केमिस्ट्रीच्या एक मॅडम आहेत, त्या स्वतः थांबल्या. २५ मिलीला २७.२ ची रीडिंग. म्हणजे १०८८.

चुकलं नव्हतं.

बसाल्ट

!!!

ताबडतोब दुसरं, तिसरं टायट्रेशन (हीच ब्युरेटची तपासणी) करा, तिन्ही जुळतात का पाहा. शेजारच्या सहा आणि आठ नंबरच्या विहिरी किती अंतरावर, आणि ओढ्याच्या कुठल्या अंगाला?

तासिका तत्त्वावर

त्या मॅडम कायम आहेत का? पीएचडी आहेत का?

ओढ्याकाठचा

दोन्ही आहेत. मी तेच विचारून आलो 🙂 चौथ्या वर्षाला गाइड व्हायला तयार आहेत, पण म्हणाल्या अकरा विहिरी पुरणार नाहीत, निदान चाळीस हव्यात, आणि पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. बायकोची अट अशी की बीएडचा फॉर्म भरून ठेवायचा. भरून ठेवणार.

तिन्ही टायट्रेशन झाली. २७.२, २७.३, २७.२. सर, सहा नंबर दोनशे फुटांवर, ओढ्याच्या पलीकडे. आठ अलीकडे, पण वरच्या अंगाला. अलीकडे, खालच्या अंगाला अशी विहीरच आमच्या यादीत नाही.

द्राक्षवाला

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं. मी त्याच ओढ्याच्या खालच्या गावचा आहे, ओढ्याच्या अलीकडचा. आमची विहीर ७० फूट, चालू आहे. आमची थ्री फेज या आठवड्यात सकाळी साडेआठला. मुलीला पाठवा, फक्त फवारणीच्या दिवशी नको. आणि बाटल्या स्वतःच्या आणा. मागं एक जण तपासायला म्हणून आला आणि आमच्याच घरची पेप्सीची बाटली घेऊन गेला, त्याचा निकाल अजून यायचाय.